कप्तान मिसन : एका कल्पित चांच्याचे गुणदोष

जुना कागद हातीं आला म्हणजे जाणता संग्राहक पहिल्यानें त्यांतील मजकूर वाचीत नाहीं. तो कागद कोठून आला, कोणाच्या दप्तरांत होता आणि कोणीं बाहेर काढला, हें तो आधीं विचारतो. लंडन शहरीं १७२८ सालीं छापून निघालेल्या एका पुस्तकाच्या वाचकांस ही संवय असती, तर प्रस्तुत लेख लिहिण्याचें आम्हांस कारण पडलें नसतें.

हें पुस्तक म्हणजे ‘चांच्यांचा सामान्य इतिहास’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाचा दुसरा भाग होय. पहिला भाग १७२४ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथावर कर्त्याचें नांव कप्तान चार्ल्स जॉन्सन असें आहे. परंतु ह्या नांवाआड कोण होता ह्याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं. १९३२ सालीं जॉन मूर ह्या अमेरिकन पंडितानें ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनियल डीफो हाच जॉन्सन होय असें प्रतिपादन केलें व तें मत अर्धशतकावर प्रमाण मानलें गेलें; १९८८ सालीं फरबँक आणि ओवेन्स ह्या दोघां विद्वानांनीं त्या मताचा पाया किती ढिसूळ आहे तें दाखविलें. कर्ता कोणीही असो, तो वाचकाची नाडी ओळखणारा होता ह्यांत संशय नाहीं.

ह्या ग्रंथाशीं महाराष्ट्राचा संबंध दोन ठिकाणीं येतो. पहिल्या भागांत इंग्लंड नांवाच्या चांच्याच्या चरित्रांत कान्होजी आंगऱ्यांचा उल्लेख आहे. आणि तो, अपेक्षेप्रमाणें, कुलाब्यास ठाणें करून इंग्रजांच्या व्यापारास उपद्रव देणारा हिंदी चांचा असा आहे. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें ज्यांच्या सरखेलपदावर छत्रपतींची मान्यता झाली, ज्यांच्या दस्तकावांचून कोंकणकिनाऱ्यावर गलबत फिरकत नसे, त्यांची ह्या ग्रंथांतील किंमत एवढीच. दुसरें ठिकाण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. दुसऱ्या भागाच्या आरंभींच कप्तान मिसन नांवाच्या फ्रेंच चांच्याचें चरित्र आहे, आणि त्यांत मक्केच्या यात्रेकरूंनीं भरलेलें मोगल बादशहाचें एक जहाज लुटल्याची हकीकत आलेली आहे. आंगरे खरे होते, त्यांस चांचा म्हटलें. मिसन कधीं झालाच नाहीं, त्यास महात्मा केलें. ह्या महात्म्याच्या स्वभावाची परीक्षा करावी, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम कथा थोडक्यांत सांगतों. मिसन हा प्रोव्हांस प्रांतांतील एका जुन्या, परंतु पुष्कळ मुलेंबाळें असलेल्या घराण्यांतला. तर्कशास्त्र व गणित शिकलेला. बापाची इच्छा त्यास राजाच्या बंदुकधारी पथकांत घालावें अशी होती. मुलानें समुद्र पसंत केला आणि विक्तुआर नांवाच्या लढाऊ जहाजावर तो चढला. जहाज नेपल्स बंदरीं असतां रजा घेऊन तो रोमला गेला. तेथें काराच्योली नांवाचा डोमिनिकन पंथाचा एक पाद्री त्यास भेटला. हा पाद्री धर्मगुरूंच्या चैनीस विटलेला; त्यानें झगा टाकला व मिसनबरोबर तोही जहाजावर आला. पुढें मार्टिनीक बेटाजवळ विंचेल्सी नांवाच्या इंग्रज लढाऊ जहाजाशीं गांठ पडली. त्या लढाईंत विक्तुआरचे सर्व वरिष्ठ अंमलदार पडले, शेवटीं इंग्रज जहाजाच्या दारूस आग लागून तें फुटलें, आणि काराच्योलीनें मिसनला कप्तान म्हणून मुजरा केला. खलाशांनीं जयघोष केला. राजाची चाकरी तेथें संपली.

निशाण कोणतें लावावें हा प्रश्न निघाला तेव्हां एका तांडेलानें काळ्या रंगाची सूचना केली. काराच्योलीनें ती झिडकारली. आपण चांचे नव्हों, ईश्वरानें व निसर्गानें दिलेलें स्वातंत्र्य राखणारे लोक आहों, असें त्याचें म्हणणें. पांढरें निशाण ठरलें. त्यावर स्वातंत्र्यदेवीचें चित्र आणि ईश्वर व स्वातंत्र्य ह्यांस उद्देशून एक लॅटिन वचन काढलें.

आतां गुण पाहूं, आणि ते मोकळ्या मनानें पाहूं. कारण कल्पित मनुष्यावर अन्याय करणेंही बरें नव्हे.

पहिला गुण शौर्य. चांच्याच्या चरित्रांत तें असावयाचेंच, म्हणून त्याचें फारसें कौतुक नको. दुसरा गुण मात्र दुर्मिळ आहे, आणि तो म्हणजे जिंकल्यावर हात आखडतां येणें. बटलर नांवाच्या इंग्रज कप्तानाचें गलबत पहिल्यानें हातीं लागलें. त्यांतून मिसननें जरूरीपुरती दारू घेतली, कोणाच्या अंगावरील वस्त्र काढूं दिलें नाहीं, आणि गलबत सोडून दिलें. बटलरच्या लोकांनीं जातां जातां त्याच्या नांवानें जयघोष केला असें ग्रंथकार लिहितो. पुढें एका इंग्रज जहाजाशीं झालेल्या लढाईंत त्या जहाजाचा कप्तान पडला. मिसननें त्याचें प्रेत किनाऱ्यावर नेऊन मानानें पुरविलें, आणि येथें एक शूर इंग्रज विसावला आहे अशा अर्थाचा लेख दगडावर खोदविला. शिलालेखांच्या मागें आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांस हा प्रसंग आवडेल; आम्हांसही आवडला. दगड मात्र कोणास सांपडावयाचा नाहीं.

तिसरा गुण सर्वांत थोर. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक डच जहाज धरलें, त्यांत विकण्यासाठीं नेलेले गुलाम होते. मिसननें आपल्या लोकांस जमवून सांगितलें कीं, मनुष्यानें मनुष्य विकणें ईश्वराच्या न्यायास संमत असूं शकत नाहीं; ज्यांनीं स्वतःच्या मानेवरील जूं फेंकलें, त्यांनीं दुसऱ्याच्या मानेवर तें ठेवूं नये. त्या लोकांच्या बेड्या तोडल्या, त्यांस डचांचे कपडे दिले, आणि निरनिराळ्या पंक्तींत वांटून घेतलें, अशा हेतूनें कीं त्यांनीं भाषा लवकर शिकावी. १७२८ सालीं, ज्या लंडनच्या पेढ्या गुलामांच्या व्यापारावर गबर होत होत्या त्या लंडनांत, हें भाषण छापलें जावें ही सामान्य गोष्ट नव्हे. डच खलाशी जहाजावर आल्यावर शिवीगाळ व दारूबाजी वाढली तेव्हां मिसननें त्यांची जी कानउघाडणी केली, तीही वाचण्यासारखी आहे.

ह्यापुढें तो हिंदी महासागरांत येतो. जोहाना बेटाच्या राणीच्या बहिणीशीं लग्न करतो, आणि शेवटीं मादागास्कर बेटाच्या उत्तर टोंकाजवळ, डिएगो सुआरेझच्या पलीकडील एका उपसागरांत, लिबर्टालिया नांवाची वसाहत स्थापतो. इंग्रज, फ्रेंच, डच, पोर्तुगीज, आफ्रिकन हीं नांवें टाकून सर्वांनीं लिबेरी हें एकच नांव घेतलें. खजिना सामाईक, गुरें व द्रव्य सारखें वांटलेलें, दर दहा माणसांमागें एक प्रतिनिधि, कायदे करून ते छापले, कारण लोकांत छापखान्याचें काम जाणणारेही निघाले. मिसन तीन वर्षांसाठीं मुख्य रक्षक निवडला गेला. टॉमस ट्यू नांवाचा इंग्रज चांचा येऊन मिळाला होता, तो आरमाराचा अधिपति झाला, काराच्योली चिटणीस.

हा ट्यू खरा मनुष्य होता, आणि येथेंच ग्रंथकाराचा पाय घसरला. ट्यू १६९२ च्या अखेरीस बर्म्युडाहून निघाला, तांबड्या समुद्रांत एक श्रीमंत जहाज लुटून १६९४ च्या एप्रिलांत अमेरिकेस परतला, आणि दुसऱ्या सफरींत १६९५ सालीं मोगलांच्या फतेह मुहम्मद जहाजाशीं लढतांना मारला गेला. उलट विंचेल्सी हें इंग्रज जहाज १७०७ सालच्या तुफानांत बुडालें अशी इंग्रजांच्या आरमाराची नोंद आहे. ग्रंथकारास तें ठाऊक होतें. म्हणून तो म्हणतो कीं तें जहाज वादळांत गेलें असा लोकांचा समज झाला, खरी हकीकत आम्हीच सांगतों. परंतु विंचेल्सी फुटल्यावर मिसन कप्तान झाला, आणि त्यानंतर कांहीं काळानें ट्यू त्यास भेटला. म्हणजे १६९५ सालीं मेलेला मनुष्य १७०७ नंतर आरमाराचा अधिपति होतो! शकावली मांडून बसणारास ह्याहून अधिक पुरावा नको. मिसन, काराच्योली व लिबर्टालिया ह्यांचें नांव त्या काळच्या कोणत्याही दुसऱ्या कागदांत मिळालेलें नाहीं, हें ह्याच्या जोडीस आहेच.

चरित्र बनावट ठरलें म्हणजे स्वभावाची चर्चा व्यर्थ, असें कोणी म्हणेल. आमचें मत उलट आहे. खऱ्या मनुष्याचे दोष त्याच्या हातून घडतात. कल्पित मनुष्याचे दोष कोणीतरी त्यास देतो, किंवा नकळत त्याच्यांत सोडून जातो. दुसऱ्या प्रकारचे दोष अधिक बोलके असतात.

धनंजयाच्या दशरूपकांत नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील धीरोदात्ताचीं लक्षणें विद्यार्थ्यांस शिकवितांना आम्ही रामाचें उदाहरण देत असूं. महासत्त्व, गंभीर, क्षमावान, आत्मस्तुति न करणारा, दृढव्रत. मिसनला ही मोजपट्टी लावली तर पहिलीं चार लक्षणें तंतोतंत बसतात. पांचव्याशीं, दृढव्रताशीं, पट्टी अडते.

मिसनचें व्रत मुळांत त्याचें नव्हेच. तें काराच्योलीचें. देव, राजा, मालमत्ता ह्यांविषयींचे सर्व विचार पाद्री मांडतो आणि मिसन ते आचरणांत आणतो. स्वतःचें असें त्याच्यापाशीं एक कोमल अंतःकरण आहे. तें जेथें आपोआप हलतें, तेथें तो थोर दिसतो. जेथें विचाराच्या बळावर लोकांपुढें उभें राहण्याची वेळ येते, तेथें तो मागें पाहतो. जोहाना बेटावरचा त्याचा व्यवहार पाहा. जोहाना व मोहिला ह्या दोन बेटांत वैर होतें. मिसननें आपल्या लोकांस समजाविलें कीं तें वैर टिकविण्यांतच आपला फायदा आहे. जो पक्ष दुबळा होईल त्यास आधार द्यावा, म्हणजे तराजूची दांडी आपल्या हातीं राहील. ज्या राणीच्या बहिणीशीं लग्न करावयाचें, तिच्याच राज्याविषयीं ही मसलत! हिंदुस्थानांतील दोन दरबारांत हीच युक्ति करणारे युरोपियन आमच्या दप्तरांत पदोपदीं भेटतात. त्यांच्या निशाणावर स्वातंत्र्यदेवी नव्हती, एवढाच भेद.

आतां यात्रेकरूंचें जहाज. लिबर्टालियांत स्त्रिया थोड्या होत्या. अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ मिसन व ट्यू ह्यांस मोगल बादशहाचें प्रचंड जहाज भेटलें. त्यावर शंभरावर तोफा व हजारावर माणसें, परंतु माल आणि यात्रेकरू ह्यांची एवढी दाटी कीं लढणें शक्य झालें नाहीं. जहाज घेतलें. यात्रेकरूंस किनाऱ्यावर उतरविलें. मात्र बारा ते अठरा वर्षें वयाच्या शंभर मुली ठेवून घेतल्या. आईबापांबरोबर मक्केस निघालेल्या ह्या मुली. त्यांचा व आईबापांचा आकांत पाहून मिसनचें मन द्रवलें, आणि त्यांस सोडून द्यावें असें त्यास वाटलें. परंतु त्याचे सर्व लोक विरुद्ध पडले. मुली लिबर्टालियास गेल्या.

हा परिच्छेद ग्रंथकारानें दोन वाक्यें पुढें जाण्यासाठीं लिहिल्यासारखा लिहिला आहे. गुलामांच्या वेळीं पानभर भाषण करणारा कप्तान येथें तोंड उघडीत नाहीं. गुलामांच्या वेळीं लोक त्याच्या बाजूचे होते, येथें नव्हते. बहुमत मोडण्याचा अधिकार आपणांस नाहीं, हा त्याचा सिद्धांत असेल, आणि लोकसत्तेच्या अभिमान्यास तो मोठा गुणही वाटेल. परंतु त्या सभेंत ज्या शंभर जणींचा प्रश्न होता, त्यांस मत विचारलेलें नव्हतें. आफ्रिकन गुलाम लिबेरी झाला. यात्रेकरूची मुलगी वांटणींतला माल झाली. मिसनचें स्वातंत्र्य कोठपर्यंत पोहोंचतें त्याची शींव ह्या दोन वाक्यांत आंखलेली आहे, आणि ती आंखतांना ग्रंथकारास आपण कांहीं आंखीत आहों ह्याची जाणीव असावी असें आम्हांस वाटत नाहीं.

ही गोष्ट ग्रंथकाराच्या मनांत कोठून आली तें सांगणें कठीण नाहीं. १६९५ च्या सप्टेंबरांत हेन्री एव्हरी ह्या इंग्रज चांच्यानें औरंगजेबाचें गंज-इ-सवाई हें जहाज सुरतेच्या वाटेवर लुटलें. त्या प्रकरणाचा सर्वांत महत्त्वाचा हिंदी साक्षी खाफीखान. त्या सुमारास तो राहिरीचा, म्हणजे आपल्या रायगडचा, फौजदार अब्दुर्रझाक ह्याच्या कामानिमित्त सुरतेहून निघाला होता व वाटेंत मुंबईस इंग्रज अधिकाऱ्याशीं ह्याच विषयावर त्याचें बोलणें झालें. ‘मुन्तखब-उल्-लुबाब’ ह्या त्याच्या ग्रंथांत जहाजावर ऐंशीं तोफा आणि बावन्न लाख रुपयांचें सोनेंरुपें होतें असें आहे. जहाजाचा नाखवा इब्राहिमखान तळाशीं पळाला. मोख्यास विकत घेतलेल्या दासींच्या डोक्यांस पागोटीं बांधून त्यानें त्यांस लढावयास पुढें केलें. आठवडाभर लूट चालली. स्त्रियांची विटंबना झाली. कित्येकींनीं समुद्रांत उड्या टाकल्या, कित्येकींनीं सुरीनें आपला अंत करून घेतला. सुरतेंत एवढा प्रक्षोभ झाला कीं तेथील इंग्रज वखारीचा मुख्य ॲनेस्ली व त्याचे लोक बेड्या घालून अटकेंत ठेवावे लागले.

खाफीखान इंग्रजांचा मित्र नव्हता, आणि त्याच्या आंकड्यांस चाळणी लावूनच ते घ्यावे लागतात. परंतु त्याच्या हकीकतींत भित्रा नाखवा आहे, पागोटीं घातलेल्या दासी आहेत. कोणीही शोभून दिसत नाहीं. हीच घटना लंडनला पोहोंचल्यावर तिचें काय झालें तें पाहा. १७०९ सालीं निघालेल्या एका लहान पुस्तकांत एव्हरीनें जहाजावरील मोगल राजकन्येशीं रीतसर विवाह केला. १७१२ सालीं ह्याच धर्तीचें एक नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलें. १७२४ सालीं आमच्या ग्रंथकारानेंच पहिल्या भागांत त्या कथांस बाजारगप्पा ठरविलें. आणि चार वर्षांनीं दुसऱ्या भागांत त्यानें स्वतः मिसनची हकीकत लिहिली, जींत आकांत करणाऱ्या मुली आहेत, परंतु समुद्रांत उडी कोणीच टाकीत नाहीं. पहिल्यानें घटनेवर विवाहाचा शेला पांघरला; नंतर दयाळू कप्तानाचा.

मिसनचा दुसरा मोठा दोष हा त्याच्या गुणाचीच दुसरी बाजू होय. धरलेल्या पोर्तुगीजांस त्यानें, पुन्हां आपल्याविरुद्ध शस्त्र धरणार नाहीं अशी शपथ घालून, सोडून दिलें. पुढें पोर्तुगीजांचीं पांच लढाऊ जहाजें लिबर्टालियावर चालून आलीं. त्यांचा मोड झाला, आणि कैद्यांत शपथ मोडलेले दोघे ओळखूं येऊन त्यांस फांशी दिलें गेलें. शत्रूच्या शपथेवर राज्याची सुरक्षितता टांगणें ही उदारता खरी, पण ती राजकारण्याची नव्हे. आणि शेवटीं, ज्यांच्याकडून भय आहे असें त्याच्या ध्यानींमनींही नव्हतें, त्यांनींच घाव घातला. एके रात्रीं बेटावरील मूळ रहिवाशांचे दोन मोठे जमाव वसाहतीवर तुटून पडले. काराच्योली ठार झाला, पुष्कळ कत्तल झाली, आणि मिसन पंचेचाळीस माणसांनिशीं दोन लहान गलबतांवर कसाबसा निसटला. ग्रंथकार म्हणतो, ह्या हल्ल्यास यत्किंचितही कारण घडलेलें नव्हतें. ज्यांच्या भूमीवर किल्ला बांधला, धक्का बांधला, शेतांस कुंपणें घातलीं, त्या लोकांच्या वतीनें चरित्रांत एक शब्द नाहीं. दहांमागें एक प्रतिनिधि मोजतांना त्यांची गणतीच झाली नव्हती. पोर्तुगीजांचा माग ठेवणाऱ्या कप्तानाला शेजारच्या डोंगरांतील माणसें दिसलीं नाहींत. त्याच्या चरित्रकारालाही नाहींत.

इतकें असून हा मनुष्य खरा म्हणून किती काळ चालला! फिलिप गॉस ह्याच्या १९२४ सालच्या चांच्यांच्या कोशांत तो आहे. मादागास्करमधील चांच्यांवर १९४९ सालीं फ्रेंच ग्रंथ लिहिणारा देशां, जो त्याच बेटाच्या कारभारांत काम केलेला, त्यानेंही लिबर्टालियास इतिहासांत जागा दिली. १९६१ सालीं मॅक्सिमिलियन नोव्हाक ह्यानें हें चरित्र स्वतंत्र छापलें तें कल्पित वाङ्मय म्हणून. २०१९ सालीं डेव्हिड ग्रेबर ह्यानें निराळाच मार्ग धरला : मिसन खोटा, परंतु मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावर चांच्यांच्या व तेथील स्त्रियांच्या संततीनें जें उभें केलें तें खरें, आणि शोधावयाचें तर तें शोधावें. हा प्रश्न आम्हांस योग्य दिशेचा वाटतो. त्यांत निदान तेथील माणसें आलीं.

विद्वान् का फसले? आमच्या मतें मिसन आवडला म्हणून. दगडावर लेख खोदविणारा, बेड्या तोडणारा, शिवी न देणारा चांचा कोणास खरा असावासा वाटणार नाहीं? आंगऱ्यांच्या पत्रांत मनुष्य असा एकसुरी सांपडत नाहीं. तेथें हिशेब आहे, रुसवा आहे, मुंबईकरांशीं तह आहे आणि तो मोडण्याचीं कारणें आहेत, जीं कधीं पटतात, कधीं पटत नाहींत. बखरींतला नायक आणि दप्तरांतला नायक ह्यांत जें अंतर आपण नेहमीं पाहतों, तेंच मिसन व कान्होजी ह्यांच्यांत आहे. फरक इतकाच कीं मिसनच्या मागें दप्तर मुळींच नाहीं.

आतां ज्या हस्तलिखितापासून आरंभ करावयाचा, त्याचें शेवटीं पाहूं. ग्रंथकार पहिल्याच वाक्यांत सांगतो कीं मोठ्या योगायोगानें आमच्या हातीं एक फ्रेंच हस्तलिखित आलें, त्यांत मिसननें स्वतः आपली हकीकत लिहिली आहे. परंतु चरित्राच्या अखेरीस मिसन बुडतो. लिबर्टालिया सोडून निघालेल्या दोन गलबतांपैकीं एकावर तो होता. तुफानांत तें गलबत ट्यूच्या डोळ्यांदेखत, बंदुकीच्या टप्प्यावर, तळास गेलें, आणि ट्यूस कांहीं मदत करतां आली नाहीं. मग मिसनच्या हातचे कागद कसे वांचले? ग्रंथकारास हा प्रश्न सुचला होता, ह्याचें श्रेय त्यास दिलें पाहिजे. त्यानें मिसनचे कांहीं फ्रेंच सोबती आधींच ट्यूच्या गलबतावर बसविले. त्यांपैकीं एकास पुढें फ्रान्सांत रोशेल बंदरीं पोहोंचवून तेथें मारलें. आणि त्याच्या सामानांत ते कागद ठेवून एका मित्राकरवीं लंडनला आणविले. मित्राचें नांव ग्रंथांत नाहीं. ते कागद १७२८ नंतर कोणीं पाहिल्याची नोंद नाहीं.